पाखऱ्याची हिरवी शिंगं

लातूर,
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय तनुजा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हसशील. दहावीला पत्रलेखनाचे पाच गुण मिळवण्यापलीकडं आपण कधी कुणाला पत्र लिहिलं होतं? पण आमच्या होस्टेलवर मोबाईल चालत नाही. रविवारी मनिषा मॅडमच्या फोनवरून दहा मिनिटं घरी बोलायचं, तेही त्या शेजारी मेथी निवडत बसलेल्या असताना. कागदाला मात्र त्यांची हरकत नाही. तिसऱ्यांदा नीट देणाऱ्या मुलीला त्या जरा दयेनंच वागवतात.

तुझे वडील कसे आहेत? पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पांनी मला गाडीत घालून इथं आणून सोडलं. तुम्ही त्यांना नांदेडला नेलं, त्यापुढचं मला काही कळलं नाही. आव्वाला फोनवर विचारलं तर आईच ती, म्हणाली, "बरे हायेत, तू अभ्यास कर." मॅडमसमोर जास्त विचारता आलं नाही.

आमच्या पाखऱ्यानं त्यांना शिंग मारायला नको होतं. बैलच तो, पोळ्याच्या गर्दीत बुजला. उमाशंकर काकांनाही फार वाईट वाटलं. दवाखान्यात न्यायला जीप त्यांनीच दिली, हे तुला माहीतच असेल.

मला इथं झोप नीट लागत नाही. खोलीत चौघी आहोत, तिघी झोपेतही सूत्रं बडबडतात. तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलीस ना? सुई टोचताना तुझा हात थरथरतो का? शाळेत लस टोचायला आले की माझा दंड तूच धरायचीस, ते मला आठवतं.

लवकर लिही. तुझे वडील बरे झाले एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
अंबिका


नांदेड,
२६ सप्टेंबर २०२४

अंबिका,

पत्र मिळालं. बाबा बरे नाहीत.

मार डाव्या कानशिलाच्या वर आहे. आतून रक्त साकळलं होतं, ऑपरेशन करून काढलं. उजवा हात उचलत नाही आणि वाचा गेली. कळतं सगळं. आई जवळ आली की डोळे तिच्या मागं फिरतात. पण बोलायला गेले की एकच शब्द बाहेर येतो, "थांब." पाणी हवं असलं तरी थांब, कूस बदलायची असली तरी थांब. आमच्या मॅडम म्हणाल्या, अशा पेशंटच्या तोंडात कधी कधी मार लागतानाचाच शब्द अडकून राहतो. आईचं म्हणणं, बैलालाच म्हणाले असतील, दुसऱ्या कुणाला म्हणणार.

त्यांचा उजवा हात गेला याचं मला सगळ्यात जास्त वाटतं. तुमच्या गावाचे सगळे कासरे त्या हातानं वळलेले. सकाळी घायपाताचा वाख घेऊन बसले की दुपारपर्यंत मांडीवर दोर वाढत जायचा. पोळ्याला मारुतीपुढचं तोरण आमच्याच घरानं बांधायचं आणि बैल तुमचे त्याखालून जायचे. यंदा पहिल्यांदा आमची स्वतःची जोडी होती. मोठे बैल नव्हेत, दोन वर्षांचे गोऱ्हे, पण आमचे. मी नांदेडहून त्यांच्यासाठी गोंडे नेले होते. बस चुकल्यामुळं मी पोचले तेव्हा बाबांना जीपमध्ये घालत होते.

आई वॉर्डाबाहेरच्या जिन्यात झोपते. माझी ड्यूटी याच दवाखान्यात असते, म्हणून येता-जाता बघता येतं.

एक सहज विचारते. यंदा पाखऱ्याची शिंगं तूच रंगवलीस का? कुठला रंग दिला होतास?

तनुजा


लातूर,
४ ऑक्टोबर २०२४

प्रिय तनुजा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला काय लिहावं कळत नाही. आईला सांग, जिन्यात झोपू नकोस, ओल असते. मी सांगून काय उपयोग, तरी सांग.

शिंगांचं विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर या पत्रात दुसरं काही लिहिण्याजोगं नाही. हो, मीच रंगवली. दरवर्षी मीच रंगवते, काका म्हणतात पाखऱ्या माझ्याशिवाय कुणाला शिंगाला हात लावू देत नाही. यंदा शेंदरी आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घरात गेटला मारून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, तोच घेतला. पातळ करायला टर्पेंटाइन नव्हतं, मग तसाच घट्ट थापला. तनू, तो रंग काही केल्या वाळेना. सकाळी लावलेला संध्याकाळीही हाताला येत होता. पाखऱ्यानं मान घासली तर माझी नवी ओढणी हिरवी, चौकट हिरवी, आव्वाच्या लुगड्याच्या काठाला हिरवा पट्टा. आव्वा म्हणाली, "बैल सजवून राहिलीस का घर रंगवून राहिलीस?" माझ्या नखांतला रंग लातूरला आल्यावर दहा दिवसांनी गेला.

असल्या गोष्टी लिहिताना बरं वाटतं आणि मग लगेच वाईट वाटतं. तुझे वडील तिकडं पडलेले आणि मी रंगाचं लिहिते आहे.

त्यांना थोडंतरी बोलता येईल ना पुढं?

तुझी,
अंबिका


नांदेड,
९ डिसेंबर २०२४

अंबिका,

दोन महिने लिहिलं नाही. बाबांना दवाखान्यातून सोडलं, आई त्यांना घेऊन गावाकडं गेली. आता काठी धरून दारापर्यंत येतात.

काल आमच्या होस्टेलवर सिनेमा दाखवला. भिंतीवर चादर लावून, हिंदीत आवाज दिलेला. अमेरिकेतली गोष्ट होती. एक काळी मुलगी, आपल्यापेक्षा थोडी लहान, शाळेत गाणं म्हणणारी. वर्गात बाकी सगळे गोरे. तिच्या भावाला एका चोरीत धरतात. तो त्या वेळी तिथं नव्हताच, दुसरीकडं होता. त्याला मारतात, घरावर दगड येतात, शाळेत तिच्या बाकाशेजारी कुणी बसत नाही. शेवटी ती भरल्या सभेत उठते आणि बोलते. गाणारी मुलगी, पण त्या दिवशी तिचा आवाज चिरका येतो, आणि तरी ती थांबत नाही. आमच्या सगळ्या मुली रडल्या. टाळ्या वाजवल्या.

मी वेगळीकडंच बघत होते. तिची एक गोरी मैत्रीण असते. भाऊ त्या वेळी कुठं होता ते तिला माहीत असतं, तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ती प्रत्येक वेळी मागं कुठंतरी बसलेली असते आणि दप्तराची चेन उघडते आणि लावते. मैत्रिणीशी गोड बोलते, तिला डबा देते, भाऊ कसा आहे विचारते. सभेतही ती होती. मी बघत होते, आता उठेल. कॅमेरा दुसरीकडं गेला. ती पुढं काय करते ते सिनेमात दाखवलंच नाही.

तुला काय वाटतं, काय केलं असेल तिनं?

तनुजा


लातूर,
१८ डिसेंबर २०२४

प्रिय तनुजा,

तुझं पत्र आलं आणि मला इतका आनंद झाला की मॅडमनी विचारलं, घरून तूप आलं का. तू रुसलीस असंच मला वाटत होतं.

त्या सिनेमाचं वाचून मला वाटलं, ती काळी मुलगी म्हणजे मीच. हसू नको. इथं आम्हाला तोंड उघडायची सोय नाही. रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर नंबर, ज्यांचे कमी त्यांचे पालक बोलावायचे. माझा नंबर खाली लागला तेव्हा आप्पा सगळ्यांसमोर खाली मान घालून बसले होते. आणि रंगाचं म्हणशील तर वर्षाताईला बघायला पाहुणे आले तेव्हा माझ्याकडं बघून त्यांच्यातली बाई काय म्हणाली, तुला सांगितलं होतं ना? "ही धाकटी काळी हाय, हिचं अवघड जाईल." तेव्हापासून आव्वा मला चहा घेऊन बाहेर पाठवत नाही. मलाही एखाद्या सभेत उठून सगळ्यांना सुनवावंसं वाटतं.

ताईचं लग्न ठरलं, मे महिन्यात. मुलगा उदगीरचा, आडतीचं दुकान आहे. आमच्यातलाच, लिंगायत.

त्या गोऱ्या मुलीचं मला नाही सांगता येत. सिनेमा तिच्यावर नव्हता, म्हणून दाखवलं नसेल.

तुझी,
अंबिका


नांदेड,
२६ डिसेंबर २०२४

अंबिका,

तू ती मुलगी नाहीस. तू सावळी आहेस, एवढंच. तुला पाहुण्यांनी काळी म्हटलं म्हणून तुझ्या बापाचं डोकं कुणी फोडलं नाही. मला हे असं लिहायचं नव्हतं, पण तुझं पत्र वाचून मी ड्यूटीवर दोनदा चुकीची बाटली उचलली. आता लिहिते.

त्या दिवशी जीपमध्ये बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोक्याला पटका होता, पांढरा, पोळ्यासाठी नवा घेतलेला. तो मी सोडवला, मी घडी केली आणि तो माझ्याकडं आहे. धुतला नाही. रक्त आहे, माती आहे, गुलाल आहे. हिरव्या रंगाचा एक ठिपका नाही. तुझ्या ओढणीला, चौकटीला, तुझ्या आव्वाच्या लुगड्याला लागला तो रंग, पण ज्या शिंगानं माझ्या बापाची कवटी फुटली म्हणतात, त्या शिंगाचा रंग या पटक्याला तेवढा लागला नाही.

शिंगाची जखम मी वॉर्डात पाहिली आहे. ही तशी नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रंगाचं सहज विचारलं नव्हतं. फसवून विचारलं, त्याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण.

पंचनाम्याची नक्कल मी काढली. त्यात लिहिलं आहे, मानाचा बैल बुजला व शिंग लागले. खाली तुझ्या काकाची सही. आणि त्यात तूही आहेस. "घरातील महिला दारात पूजेत असल्याने त्यांनी काही पाहिले नाही." तुमचा ओटा मारुतीपासून वीस पावलांवर आहे, अंबिका. तुला कुणी विचारलंसुद्धा नाही आणि तुझं म्हणणं लिहूनही झालं.

आम्ही अर्ज केला आहे. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा लावा म्हणून. ठाण्यातले साहेब म्हणाले, पाहणारा कोण आहे? आमच्या वस्तीतले तिघे आहेत, पण ते म्हणे आमचेच. गावातलं कुणी बोलत नाही. बाबांना विचारलं तर बाबा म्हणतात, थांब. साहेबांनी वही मिटली.

वकील म्हणतात, त्या मुलीचं रंगाचं पत्र द्या, पुष्कळ होईल. मी अजून दिलं नाही. का दिलं नाही ते मलाही सांगता येत नाही.

तू काय पाहिलंस?

तनुजा


लातूर,
२० जानेवारी २०२५

तनुजा,

संक्रांतीला चार दिवस गावाकडं गेले होते. तुमच्या वस्तीकडं यायला निघाले आणि हौदापासून परत फिरले. सांगून टाकते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको.

पाहिलं मी.

पाखऱ्या तोरणापाशी नव्हताच. तो माझ्यासमोर होता, ओट्याला लागून, आणि माझ्या हातातली पुरणपोळी खात होता. तोरणाखालून जाऊन आल्याशिवाय बैलाला घास द्यायचा नाही, सकाळपासून उपाशी ठेवायचं, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी काकांनी लातूरच्या कुण्या पुढाऱ्याला बोलावलं होतं. तो येईपर्यंत मानाचा बैल सोडायचा नाही, आणि मानाचा सुटल्याशिवाय बाकीचे नाहीत. दोन तास गावाचे बैल उन्हात उभे. पाखऱ्या सारखी जीभ काढायला लागला. आव्वा आत होती. मी ताटातली पोळी काढून गुपचूप दिली. रीत मोडली मी. तेव्हाच समोर तुझे वडील गोऱ्हे घेऊन तोरणाखालून निघाले. त्यांचा बैल ओढत गेला असेल, नवाच होता.

काकांच्या हातात आज्जाची काठी होती, पितळी मुठीची. ती वर गेलेली मी पाहिली. खाली आलेलीही पाहिली.

दोघांनीही रीत मोडली, तनू. मला कुणी बोट लावलं नाही.

संक्रांतीला गोठा रिकामा होता. पाखऱ्याला काकांनी हाळीच्या जनावरांच्या बाजारात विकलं. मारका बैल दारात नको, लोक विचारतात, असं आप्पांना म्हणाले. पण मारक्या बैलाला गिऱ्हाईक कुठलं? जेवताना काका स्वतःच हसत सांगत होते, की अर्धापूरकडचा घेणारा खोदून खोदून विचारत होता, तेव्हा "मी बैलाच्या कपाळाला भस्म लावून शपथ घेतली. म्हटलं, देवणी जातीचा हाय, लेकरू खाली झोपलं तर पाय देणार न्हाई, जन्मात कुणाला शिंग लावलं न्हाई." सगळे हसले. गुरुपादप्पा पाटील, म्हणजे माझे आप्पा, तेही हसले. मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्यांनी भाकरी खाली ठेवली. त्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. आमच्या देव्हाऱ्यात बसवण्णांची तसबीर आहे, आज्जा म्हणायचे आपल्यात जात नसते. तिच्याखालीच ती काठी टेकवून ठेवलेली असते.

पण आत्ता मला जबाब देता येणार नाही. मेमध्ये ताईचं लग्न आहे. ते मोडलं तर ती विहीर जवळ करेल, तुला ती माहीत आहे. आणि त्याच महिन्यात माझी नीट. तोवर थांबशील का? नंतर मी सांगेन, आणि असं सांगेन की तुझ्या वडिलांचा काही दोष नव्हता, बैल चुकून पुढं गेला.

माझं रंगाचं पत्र द्यायचं असेल तर दे. मी अडवणार नाही. तेवढी माझी हिंमत आहे, जास्त नाही.

अंबिका


नांदेड,
३ फेब्रुवारी २०२५

अंबिका,

तुझं चार ऑक्टोबरचं पत्र सोबत परत पाठवते. झेरॉक्स ठेवली नाही. वकील चिडले आहेत.

ते दिलं असतं तर तुझ्याऐवजी रंग बोलला असता, आणि तू लग्नात ताईच्या मागं कलश घेऊन उभी राहिली असतीस. तुझं म्हणणं एकदा तुझ्या काकानं तुला न विचारता लिहून दिलं. मी तेच करणार नाही.

चुकून पुढं गेला, हे वकीलही म्हणतात. तसंच म्हणा, सोपं जातं. मलाही तेच खरं वाटतं. बाबांना मी लहानपणापासून बघते. तुझ्या काकाशी बोलताना ते पटका काढून काखेत धरायचे. त्याच्या पानाची पिचकारी पायाशी पडली तरी बाबा पाय हलवायचे नाहीत. शाळेतून येताना मी ते बघायचे आणि दुसऱ्या गल्लीनं जायचे. मला त्यांची लाज वाटायची, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. असला माणूस जाणूनबुजून पुढं कशाला जाईल.

आता तुझ्याविरुद्ध किंवा तुझ्या बाजूनं माझ्याकडं काही नाही. मला पत्र लिहायचं असेल तर जबाब दिल्यावर लिही. देणार नसशील तर लिहू नको.

तनुजा


लातूर,
२७ जुलै २०२५

तनुजा,

शुक्रवारी जबाब दिला.

मी आधी ताईचं लग्न होऊ दिलं, आधी परीक्षा दिली, हे लपवत नाही. लग्नात कलश घेऊन उभी राहिले. अक्षता टाकताना काका माझ्या शेजारी होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "पोरी, डॉक्टर होशील ना यंदा?" त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, तनू. ते खोटं असतं तर मी कधीच बोलले असते. नीटचे गुण पडायचे तेवढे पडले, त्याचं आता राहू दे.

परीक्षा झाल्यावरही मी दोन महिने काढले. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निमित्त निघायचं. मग एक दिवस खोली आवरताना तू परत केलेलं पत्र सापडलं. माझंच अक्षर, माझाच फाजीलपणा. तुझ्या घरात काय चाललं होतं आणि मी कसली मजा लिहिली होती. मनिषा मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या समजावतील. त्या म्हणाल्या, "डबा बांधून देते, जळकोटच्या ठाण्यापाशी खायला काही मिळत न्हाई."

ठाण्यात मोठे साहेब आले होते. लिहून घ्यायला एक वयस्कर जमादार होते, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. चांगला माणूस. मी सुरुवात केली आणि पहिलंच वाक्य दोनदा चुकलं. त्यांनी पाणी दिलं. मग एकदा सुटले ते सुटले. पाखऱ्या, पोळी, रंग, काठी, हाळीच्या बाजारातली शपथ, सगळं.

आता तुला न सांगितलेलं सांगते. मी तुला जानेवारीत पूर्ण लिहिलं नव्हतं. बैल ओढत गेला नाही. मला वाटत होतं, ते सांगितलं तर दोष तुझ्या वडिलांवर येईल. म्हणून गिळलं. तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचल्यापासून ते घशात अडकून होतं.

गोऱ्हे उन्हानं खाली बसायला लागले होते. तुझ्या वडिलांनी त्यांना उठवलं, पाठीवरून हात फिरवला आणि कासरा धरून पुढं आले. काका ओरडले, "ग्यान्या, मागं घे." ते उभे राहिले. पटका काढला नाही. मला ते लगेच जाणवलं, कारण काढतील असं मलाही वाटलं होतं. म्हणाले, "मालक, सकाळधरनं उपाशी हायत मुकी जनावरं. तोरण म्याच बांधलंय. जाऊन येतो." आणि गेले. सावकाश, दोन्ही बैल दोन बाजूंना घेऊन. पलीकडं पोचल्यावर वळून त्यांनी वर तोरणाकडं बघितलं. काका काठी घेऊन धावत आले तेव्हा त्यांनी पळायला हवं होतं. ते पळाले नाहीत. डावा हात असा पुढं धरला आणि म्हणाले, "थांब."

बैलाला नाही, तनू. काकांना म्हणाले.

मी हे सगळं सांगितलं. जमादारांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात होतं, "ग्यानोबा यांचे बैल चुकून तोरणाखालून पुढे गेले." मी म्हटलं, चुकून नाही. ते म्हणाले, "बाई, त्यांच्याच भल्यासाठी लिहून राहिलो." मी म्हटलं, "ते जाणून गेले. सांगून गेले. तोरण त्यांनी बांधलं होतं." जमादारांनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "पोरगी सांगते तसं लिहा." त्यांनी ओळ खोडली, नवी लिहिली, आणि खोडलेल्या जागी माझी सही घेतली.

बाहेर आले तर समोरच्या पानटपरीपाशी आप्पा उभे होते. त्यांना कुणी कळवलं माहीत नाही. मला वाटलं मारतील. ते माझ्या चपलांकडं बघत पुढं आले. मग म्हणाले, "आव्वाला भेटायचं असलं तर लातूरला बोलावून घे. गावात येऊ नको." एसटी येईपर्यंत ते तिथंच उभे होते, पण पाठ करून.

मॅडमनी मला होस्टेलवर ठेवून घेतलं आहे. लहान मुलींचा अभ्यास घेते. बरं चाललं आहे असं नाही. रात्री आव्वाची आठवण येते आणि मी रडते.

ग्यानोबा काकांना नमस्कार सांग. काका असं मी त्यांना कधी तोंडावर म्हटलं नाही, घरात सगळे जसं म्हणायचे तसंच म्हणत आले. तुझ्या आईलाही सांग.

अंबिका


नांदेड,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय अंबिका,

गुन्हा दाखल झाला. तुझे काका आठ दिवस आत होते, आता जामिनावर आहेत. पुढं किती वर्षं चालेल वकिलांनाही सांगता येत नाही. वस्तीतल्यांना गिरणीवर दळण मिळत नाही, पीठ जळकोटहून आणतात. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिते, तुला लागावं म्हणून नाही.

रविवारी गावाकडं गेले होते. तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. आई चुलीपाशी होती. "पटका काढला नाही" या ओळीला मी थांबले. आई म्हणाली, "वाच की." मी पूर्ण वाचलं. बाबा माझ्याकडं बघत होते. अकरा महिने ते थांब म्हणत होते आणि अकरा महिने आम्ही त्यांना पाणी देत होतो, कूस बदलत होतो. त्यांना काय सांगायचं होतं ते आम्हाला कळलंच नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि दुसऱ्या गल्लीनं जायचे ते सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं माझी वेणी ओढली. लहानपणी ओढायचे तशी, जोरात.

मला तुझा अजून राग आहे. तू जानेवारीत बोलली असतीस तर तो वही मिटणारा साहेब इतका निर्धास्त राहिला नसता. पण तू जे आणून दिलंस ते दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. माझा बाप मला माहीत नव्हता, तो तुझ्याकडून कळला.

सोमवारी आईचा फोन आला. गावचा कोतवाल आला होता, तोरणाचं विचारायला. पोळा बावीस तारखेला आहे, तोरण कुणीतरी बांधलंच पाहिजे, झालं गेलं विसरा, ग्यानोबाला जमत नसलं तर भावकीतल्या कुणाला सांगा. बाबा दारात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डावा हात पुढं धरला आणि म्हणाले, "थांब." कोतवालाला काही कळलं नाही. त्यानं आईला विचारलं, काय म्हणून राहिले? आई म्हणाली, "न्हाई म्हणाले."

तोरण यंदा आमच्या वस्तीत बांधायचं आहे. दोर मी वळणार, डाव्या हातानं बाबा धरणार. गोऱ्हे दोन्ही ठणठणीत आहेत. त्यांची शिंगं रंगवायला कुणी नाही, आणि तुझ्याइतका वाईट रंग कालवणारं दुसरं मला माहीत नाही. सकाळच्या गाडीनं ये. पुरणपोळी बैलांना आधी, आपल्याला नंतर, घराच्या आत बसून.

गावात येऊ नको असं तुझ्या आप्पांनी सांगितलं आहे, ते लक्षात आहे माझ्या. पण आमची वस्ती गावात कधी मोजली आहे त्यांनी?

तुझी,
तनुजा